देव्हाऱ्यातली हार्ड डिस्क

एका गावात एक घाबरट माणूस राहत होता, आणि गावाने नेमकी त्याच्याच हाती आपली आठवण सोपवली होती. त्याचं नाव वासूअण्णा. डोंगराखालच्या त्या गावात एकच दवाखाना होता. कुणाला काय आजार, कुणाला कोणतं औषध लागू पडतं, कुणाला कोणतं मुळीच चालत नाही, हे सगळं दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये लिहिलेलं असे. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीत दिवसभर घुं घुं करणारा एक मोठा संगणक. त्याची देखभाल वासूअण्णांकडे होती.

शेजारच्या गावात असाच एक संगणक जळाला. तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टर निमकरबाई म्हणाल्या, "अण्णा, उद्या आपला जळला तर?"

त्या एका प्रश्नाने अण्णांची झोप उडाली. पण घाबरट माणूस कामाला लागला की काम नीट करतो. त्यांनी तालुक्याहून खिशात मावतील अशा दोन हार्ड डिस्क आणल्या. एक सर्व्हरला जोडली. रोज संध्याकाळी सर्व्हर आपल्यातल्या सगळ्या माहितीची नक्कल तिच्यावर उतरवू लागला. दर सोमवारी अण्णा ती डिस्क काढत, दुसरी लावत, आणि काढलेली घरी नेत. दवाखान्याला आग लागली तरी घरची वाचेल, हा हिशेब. घरात देव्हाऱ्याइतकी सुरक्षित जागा त्यांना दिसली नाही, म्हणून डिस्क देवांच्या मागे बसली. गावाने अण्णांना शाबासकी दिली आणि गाव निर्धास्त झालं.

काही वर्षं छान गेली. मग एका सोमवारी पडद्यावर लाल चौकट उमटली. आत चार ओळी होत्या. अण्णांनी पहिली वाचली: नक्कल पूर्ण झाली नाही. उरलेल्या तीन ओळी वाचायचा धीर झाला नाही. त्यांनी चौकट बंद केली. पुढच्या सोमवारी दुसरी डिस्क लावली, तर तिच्यावरही तीच चौकट. मग अण्णांनी संगणकाला असं काही सांगून ठेवलं, की ती चौकट पुन्हा दिसलीच नाही.

खात्री करून घेणं अवघड नव्हतं. डिस्क दवाखान्यात पडून असलेल्या जुन्या संगणकाला लावायची आणि कालची एखादी नोंद उघडते का ते बघायचं. पण नाही उघडली तर? मग बाईंना सांगावं लागेल. शाबासकी देणारं गाव काय म्हणेल? अण्णा रोज ठरवत, उद्या बघू. आणि उद्या आला की भीती आणखी वाढलेली असे, कारण आता इतके दिवस गप्प का बसलात याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. डिस्कची अदलाबदल मात्र त्यांनी एकदाही चुकवली नाही. दर सोमवारी एक काढायची, दुसरी लावायची.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची, यंत्रांची पूजा झाली. अण्णांनीही डिस्कला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. त्यांची बायको शालन हे बघत होती.

"अहो, एवढे हात जोडता, पण ती उघडून कधी बघता का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," अण्णा म्हणाले.

"मूठ लोकांपासून झाकतात. स्वतःपासून कोण झाकतं?"

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी गावातली वीज गेली आणि परत आली ती दणक्यात. मागच्या खोलीतून जळका वास आला. घुं घुं थांबली. सर्व्हर गेला. अण्णा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

तेवढ्यात सुगंधा नावाची बाई आपल्या मुलीला कवटाळून दवाखान्यात धावत आली. मुलगी रेणू, दीड वर्षाची. तापाने फणफणलेली, अंगाला झटके येत होते. झटके थांबवायची दोनच प्रकारची इंजेक्शनं निमकरबाईंच्या कपाटात होती.

"बाई, झटक्यांचं एक इंजेक्शन हिला चालत नाही," सुगंधा ओरडली. "मागच्या खेपेला तुम्ही रजेवर होतात, दुसरे डॉक्टर होते. त्या इंजेक्शनाने हिचा श्वासच बंद पडला होता!"

"कोणतं? नाव काय?"

"ते म्हणाले, नाव लक्षात ठेवायला नको, संगणकात लिहून ठेवलंय."

बाईंनी त्या डॉक्टरांना फोन लावला. लागला नाही. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, डिस्क!"

अण्णांनी सर्व्हरला लावलेली डिस्क काढून जुन्या संगणकाला लावली. जी गोष्ट करायला ते दोन वर्षं भीत होते, ती निमिषात झाली. डिस्क उघडली! अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावातली सगळी माणसं तिथे होती. आजारासकट, औषधासकट. त्यांनी रेणूचं नाव टाकलं. नाव नव्हतं. पुन्हा टाकलं. नव्हतं. ते घरी धावले, देव्हाऱ्यातली डिस्क घेऊन आले. तिच्यातही नव्हतं.

दोन्ही डिस्क काठोकाठ भरल्या होत्या. लाल चौकट आली त्याच सुमाराला त्यांच्यातली जागा संपली होती, आणि तिथून पुढे एक अक्षरही उतरलं नव्हतं. जुन्या नकला पुसून जागा करायची, एवढंच काम होतं. रेणू त्यानंतर जन्मली होती.

मुलीचे ओठ निळे पडू लागले. बाईंना थांबता येईना. त्यांनी दोन्हींतलं एक इंजेक्शन उचललं आणि दिलं.

ते चुकीचं निघालं. झटके थांबले, पण श्वासही थांबला. बाईंनी मुलीच्या तोंडावर श्वास देण्याचा फुगा धरला आणि दाबत राहिल्या. दवाखान्यात कुणी हललं नाही. सुगंधा रडतही नव्हती. अण्णा दारात उभे राहून त्या एवढ्याशा छातीकडे बघत होते. किती वेळ गेला ते कुणालाच कळलं नाही. मग ती छाती आपली आपण वर आली.

मुलगी वाचली. दवाखान्यात नवा सर्व्हर आला. अण्णांनी बाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी त्यांना कामावरून काढलं नाही. आता दर सोमवारी अण्णा डिस्क बदलतात, आणि त्याआधी सगळ्यांसमोर ती उघडून कालची नोंद वाचून दाखवतात.

सुगंधा अजूनही रेणूला घेऊन दवाखान्यात येते. पण वासूअण्णा समोर दिसले की तिचे ओठ हलू लागतात. ती त्या औषधाचं नाव घोकत असते.

तात्पर्य: जे तपासायची सगळ्यांत जास्त भीती वाटते, तेच सगळ्यांत आधी तपासावं, नाहीतर आपण टाळलेल्या भीतीची किंमत दुसऱ्याच्या लेकराला मोजावी लागते.