रिसाला मोडल्यावर

“मग आता मी कोण, महाराज?”

टेकडीवरच्या मठाच्या अंगणात भानुनाथ मक्याची कणसं सोलत बसले होते. विचारणारे हैबतराव जगदाळे समोर ताठ उभे होते. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, ही फौजेतली जुनी सवय.

महिन्यामागं संस्थानचा घोडेस्वारांचा रिसाला मोडला होता. खर्च झेपत नाही, फौज कमी करायची, असं वरून ठरलं. घोड्यांचा लिलाव झाला, माणसांना निरोप दिला. कुणाला वाऱ्यावर सोडलं असं होऊ नये, म्हणून डोंगरापलीकडचा माळ शिपायांना वाटून दिला, बैल दिले, शेती शिकवायला एक जाणता माणूसही नेमला. सगळे स्वार बायकापोरं घेऊन तिकडं गेले.

त्यांचे रिसालदार हैबतराव तेवढे गेले नाहीत. ते मठात आले होते, दीक्षा मागायला.

“बस,” नाथ म्हणाले. “रिसाल्याचं सांग.”

हैबतराव बसले आणि बोलत सुटले. पहाटेची पागा, थंडीत घोड्यांच्या अंगातून निघणारी वाफ, चंदीचे तोबरे आणले की या टोकापासून त्या टोकापर्यंत उठणारी खिंकाळी. सीमोल्लंघनाला निघालेली स्वारी बघायला माळवदांवर दाटलेली माणसं. त्यांची घोडी शेवंती नगाऱ्याच्या ठेक्यावर पाय टाकायची. लिलावात तिला एका टांगेवाल्यानं नेलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. नव्या माणसाच्या हातचा गूळ खात ती निघून गेली...



नाथांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. माळावरून कुणी आलं होतं का, एवढंच विचारलं.

आलं होतं. दफेदार बाबाजी ढमाले दोनदा येऊन गेला होता. विहीर कुठं खणायची यावरून तिथं दोन तट पडले होते. कुणी कुणाला कुदळ उचलू देत नव्हतं. बायका कोसभरावरून पाणी आणत होत्या. तुम्ही बोट दाखवाल तिथं खणू, असं बाबाजी काकुळतीनं म्हणाला होता. हैबतरावांनी त्याला दोन्ही वेळा परत पाठवलं.

का, ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर आपल्याला घोड्यावर पाहिलं, त्यांच्यापुढं पायी, साध्या धोतरात कसं उभं राहायचं?

“भगवं द्या, महाराज. एवढंच मागणं आहे.”

नाथ आत गेले. भगवी कफनी आणून त्यांनी हैबतरावांच्या हाती दिली.

हैबतरावांनी ती सदऱ्यावरून चढवली. खांद्यावर नीट बसवली. चुण्या तळव्यानं मोडल्या, खालचा काठ ओढून सरळ केला. मग टाचा जुळवून, छाती काढून उभे राहिले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

नाथ त्यांच्याभोवती सावकाश फिरून आले. समोर थांबले, आणि कपाळाला हात लावून त्यांनी कडक सलाम ठोकला.

हैबतरावांचा हात आपसूक वर गेला...

आणि अर्ध्यावरच थांबला.

दोघंही तसेच उभे. मठामागच्या चिंचेवर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता.

हैबतरावांनी हात खाली घेतला. कफनी उतरवली, घडी करून ओट्यावर ठेवली.

“मग तिकडं काय घालून जाऊ, महाराज?”

नाथांनी डोंगराकडं पाहिलं.

“ऊन तापायच्या आत निघ.”