दारुमाचा दुसरा डोळा

“पण आजी, मुलगा परत आला का?”

ओताने नावाच्या आजींनी नुसती मान हलवली. नाही.

“मग दारुमाचा दुसरा डोळा कसा रंगवून देऊ?”

शिकाऊ भिक्षू काइशूचं बरोबरच होतं. देवळाचे नियम त्याला तोंडपाठ होते, आणि ते दुसऱ्याला ऐकवायची हौस त्याहून दांडगी. डोंगरावरच्या त्या देवळात लोक दारुमा न्यायला येत. दारुमा म्हणजे हातपाय नसलेली गोल, लाल बाहुली. तिचे डोळे कोरे. इच्छा मनात धरायची आणि एक डोळा रंगवायचा. इच्छा पुरी झाली, की मग दुसरा.

“आधीच डोळा दिला, तर तो राबेल कशाला?” काइशूनं समजावलं.

आजींनी गाठोडं सोडलं. रोज हात फिरवून फिरवून दारुमाचा रंग पार उडाला होता.

“माझ्या एका डोळ्यात पडदा आलाय, बाळा. ह्यालाही एकच डोळा. दोघं खिडकीत बसतो, बघत राहतो... पुरत नाही रे.”

काइशूला राहवेना. “मुलगा गेला तरी कुठे? सांगून नाही गेला?”

“सांगून गेला असता, तर एकाच वाटेकडे बघितलं असतं. आता सगळ्याच वाटांकडे बघावं लागतं.”

काइशूही एका पहाटे आईला न सांगताच ह्या देवळात आला होता. पण आपलं वेगळं, आपण धर्मासाठी आलो, असं त्यानं मनाला बजावलं.

कोपऱ्यात बोकुदो गुरुजी ताईत शिवत बसले होते. ते उठले. त्यांनी कुंचला शाईत बुडवला आणि काइशूच्या हातात दिला.

“मी? गुरुजी, अहो, नियम...”

गुरुजींनी दारुमा त्याच्यापुढे सरकवला.

एरवी काइशूचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. आज एवढासा ठिपका काढायचा, तरी डोळा जरा तिरकाच झाला.

आजींनी दारुमा उचलला, त्याचं तोंड दाराकडे केलं.

“दिसतंय का रे आता?” त्यांनी त्यालाच विचारलं. हसल्या. मग त्याला छातीशी धरून एकेक पायरी चाचपत उतरू लागल्या.

त्या वळणाआड जाईपर्यंत काइशू उंबऱ्यात उभा होता. तरी डोक्यातला किडा काही स्वस्थ बसेना.

“गुरुजी, मुलगा तर आलाच नाही. मग हा डोळा कशाचा?”

गुरुजींनी सुईत दोरा ओवला. एक टाका घातला... दुसरा घातला...

“काइशू, तुमच्या घरी दारुमा आहे?”

“आहे ना. आईनं खिडकीत ठेवलाय.”

“त्याला किती डोळे आहेत?”