ढिवरपुऱ्यातली भिक्षा

"म्हणजे मी माघार घ्यावी, असंच तुमचं म्हणणं ना?"

अच्युतमुनी बाबांनी अजून काही म्हटलंच नव्हतं. मठाच्या ओसरीवर बसून ते झोळीचा उसवलेला बंद शिवत होते.

समोर धनराज धकाते वकील बसला होता. लहानपणी आईचं बोट धरून तो या महानुभाव मठात येई. पुढे वकिली चालली, पक्षात वजन आलं, तसं येणं कमी होत गेलं. आज आला होता तो गाडी लांब उभी करून, मागच्या दाराने.

प्रकरण असं होतं. नगराध्यक्षपदाला पक्षातर्फे कोणी उभं राहायचं, हे यंदा पक्षाचे सदस्यच मत टाकून ठरवणार होते. मतदान रविवारी. तिघे इच्छुक होते आणि धनराज त्यांत सगळ्यांत पुढे होता. ऐन तोंडावर कोणीतरी त्याचं एक बोलणं मोबाइलवरून गावभर फिरवलं. मित्रांच्या बैठकीत तो हसत म्हणाला होता, "ढिवरपुऱ्याचं टेन्शन नका घेऊ. एक पंगत घातली की ती माणसं बैलालाही मत देतील."

ढिवरपुरा म्हणजे तळ्याकाठची मासेमारांची वस्ती. तिथे घरोघर फिरून लोकांना पक्षाचं सदस्य धनराजनेच केलं होतं.

जिल्ह्याचे पुढारी म्हणत होते, माघार घे, पक्षाची अब्रू जातेय. बरोबरची पोरं म्हणत होती, भाऊ, हटायचं नाही, लोक विसरतात. धनराजने हे सगळं बाबांना सांगितलं. बाकीच्या दोघांचं याहून वाईट काय काय आहे, तेही सांगितलं. ज्याने आवाज चोरून टिपला तो आपल्याच ताटात जेवणारा निघाला, हे त्याने दोनदा सांगितलं.

बाबांनी दोरा दाताने तोडला.

"बोललास का?"

"बाबा, त्यांनी मागचं-पुढचं कापून..."

"बोललास का?"

"बोललो."

बाबांनी झोळी त्याच्यापुढे सरकवली. म्हणाले, गुडघे धरलेत, आज भिक्षेला तू जा.

कोणत्या आळीत जायचं, असं धनराजने विचारलं.

"ढिवरपुऱ्यात."

त्याला आधी ती थट्टा वाटली. मग राग आला. तो म्हणाला, लोक अंगावर येतील. आणि नाही आले तरी याला नाटकच म्हणतील. उमेदवार झोळी घेऊन हिंडतोय, दुपारपर्यंत फोटो गावभर होतील.

"मग नको जाऊ," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

धनराज उठला. गाडीपर्यंत गेला, दार उघडलं... आणि तसाच उभा राहिला. खटला हातचा गेलाय हे कळूनही शेवटचं बोलायला उठताना त्याचा जबडा घट्ट मिटायचा, तसाच तो आता मिटला होता. बूट आणि फोन गाडीत टाकून तो अनवाणी परत आला आणि झोळी उचलली.

बाबांनी डोळे न उघडताच नेम सांगितला. एका दारी एकच हाक द्यायची. मिळालं तर घ्यायचं, नाही तर पुढे व्हायचं. आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

पहिल्या घराने त्याला पाहून दार लोटून घेतलं.

पुढच्या अंगणात एक माणूस जाळं विणत बसला होता. त्याने झोळीकडे पाहिलं, मग वकिलाच्या पायांकडे, आणि म्हणाला, "काहून, आज पंगत आमच्याकडं हाय का?"

शेजारपाजारचे हसले. धनराजचे कान तापले. जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस, उत्तरं जिभेवर गर्दी करत होती. त्याने ती गिळली आणि तो पुढच्या दारी गेला. तिथेही नकार. त्याच्या पुढेही तेच.

गल्लीच्या टोकाला सायत्राबाई नागपुरेचं घर होतं. मागच्या निवडणुकीत पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन ही बाई त्याच्याबरोबर उन्हातान्हात फिरली होती. तिने झोळी ओळखली. बाबांसाठी आहे का, असं विचारलं. त्याने मान हलवली.

ती आत गेली. भात आणि लाखोरीची घट्ट डाळ पळसाच्या पानांत बांधून घेऊन आली. बाबांना सांगा, म्हणाली, भांडं वेगळं आहे, मासोळी लागलेली नाही त्याला.

पुडी झोळीत ठेवून ती तिथेच थांबली.

"तुमी माघार घेता म्हनून आयकलं."

धनराज गप्प. नेमच तसा होता.

"घेऊ नोका. तुमी पयून गेले, त आमी पाडाव कोनाले?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उद्या पाणी कोणी भरायचं हे घरात ठरवावं, तशी ती बोलली आणि आत निघून गेली.

मठात बाबा जेवले. धनराज भिंतीला टेकून बसला होता.

"मी उभा राहतो," तो म्हणाला.

"हरशील."

"हो."

"मग?"

"त्यांना मला पाडायचंय, बाबा... तेवढं तरी त्यांच्याकडून हिसकावून घेत नाही."

बाबांनी हात धुतले.

त्यानंतर धनराज निर्णयावरून हलला नाही. जिल्ह्याचे पुढारी स्वतः घरी आले, माघारीच्या बदल्यात एका महामंडळाचं सदस्यपद देऊ म्हणाले. त्याने चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पोरांनी सुचवलं, तो आवाज बनावट आहे असं पत्रक काढू. निदान ढिवरपुऱ्यात जाऊन दोन अश्रू तरी गाळा. त्याने दोन्हीला नाही म्हटलं. घरात बायकोने विचारलं की हरण्यासाठी एवढा हट्ट कशाला. तिला तो नीट समजावून सांगू शकला नाही, पण मतदानाला तीही त्याच्याबरोबर निघाली.

रविवारी मंगल कार्यालयात मतदानाआधी तिघांनाही बोलायला वेळ दिला होता. पहिले दोघे भरभरून बोलले. धनराज उठला. समोर डाव्या बाजूला ढिवरपुऱ्याच्या बाया सकाळचा बाजार उरकून येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहणं सोपं नव्हतं. त्याने पाहिलं.

"तो आवाज माझाच आहे," तो म्हणाला. "कापलेलं काही नाही. मी चुकलो होतो. मत तुमचं आहे, टाका."

आणि खाली बसला. मागच्या रांगेतली त्याची दोन-तीन पोरं तिथूनच उठून गेली.

मोजणी झाली. धनराज हरला, आणि चांगलाच हरला, तिघांत शेवटचा. त्याने निवडून आलेल्याच्या गळ्यात हार घातला आणि दाराशी उभं राहून माणसांना निरोप देत राहिला. ढिवरपुऱ्याच्या बाया रांगेने बाहेर पडल्या. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सायत्राबाई मात्र क्षणभर थबकली.

"येतो, वकीलसाहेब," म्हणाली आणि गेली.

ऊन उतरल्यावर तो मठात आला. या वेळी पुढच्या दाराने, पायी. दंडवत घातला आणि झालं ते सगळं सांगितलं. हरल्याचं दुःख आहेच, म्हणाला, ते नाही कशाला म्हणू. पण त्या दोन शब्दांपाशी तो पुन्हा पुन्हा येत होता. सायत्राबाई तसं प्रत्येकालाच म्हणत असेल का, की मुद्दाम थांबून त्यालाच म्हणाली...

बाबा ऐकत होते.

"बाबा, त्यांनी मला माफ केलं असेल का?"

"मतदान तर संपलं," बाबा म्हणाले. "अजून मागतोच आहेस?"