माचवाडीचं एक मत

“…ते सगळं खरं, पण ते एक मत कुणाचं, एवढंच सांगा आक्का!”

आमदार उत्तमराव झांजगे मठाच्या ओसरीवर बसले होते. सलग चौथ्यांदा निवडून आलेला माणूस, एकोणीस हजारांचं मताधिक्य. कपाळावरचा गुलाल अजून पुरता निघाला नव्हता आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

समोर सरूआक्का शेंगा फोडत होत्या. माचवाडीच्या डोंगरातला हा मठ त्या एकट्याच सांभाळायच्या. उत्तमरावांनी विशीत त्यांच्याकडूनच माळ घेतली होती. अख्ख्या मतदारसंघात आमदारांना ‘अरे उत्तम’ म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

उत्तमरावांनी खिशातून केंद्रवार मतांची यादी काढली.

“हे बघा. माचवाडी. तीनशे बारा मतं. तीनशे अकरा मला… एक त्याला! मागच्या तिन्ही खेपेला इथं विरोधकाला भोपळा होता, भोपळा!”

“बरं मग?”

“मग काय! लखू ढेबेच तो. पंधरा वर्षं माझा पोलिंग एजंट, आणि गेल्या साली भर सभेत मलाच विचारतो, ओढ्यावरच्या साकवाचं काय झालं म्हणून. घरभेदी मेला!”

लखूच्या दारात आठ दिवस कुणी पाऊल टाकलं नव्हतं. पाणवठ्यावर बाया त्याच्या बायकोशी बोलेनात. आमदारांनी तोंडानं काही सांगितलं नव्हतं हो, फक्त विजयाच्या मिरवणुकीत लखूचा रामराम घेतला नव्हता. वाडीला तेवढं पुरलं.

“उद्या सकाळी सगळी वाडी इथं गोळा करतो. एकेकानं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. सुरुवात लखूपासून. तुमची परवानगी पाहिजे.”

आक्कांनी हात झटकले. आत गेल्या. बेलभंडाऱ्याचं ताट आणून उत्तमरावांच्या पुढ्यात ठेवलं.

“आधी तू उचल.”

“मी?”

“उचल की. आणि सांग, तू पहिल्यांदा उभा राहून पडलास, तेव्हा या वाडीनं तुला किती मतं दिली?”

“एक.” उत्तमरावांचा आवाज एकदम मऊ झाला. “सगळी वाडी तेव्हाच्या आमदारांची, दादासाहेबांची. एकटं तुमचं मत मला. प्रत्येक सभेत सांगतो मी हे. त्या एका मताच्या जिवावर तर पुन्हा उभा राहिलो!”

“शपथेवर सांगतोस?”

“शपथेवर!” त्यांनी भंडारा मुठीत घट्ट धरला.

“खोटी शपथ घेतलीस रे बाबा.”

उत्तमरावांची मूठ सैल झाली.

“त्या दिवशी मी तापानं फणफणले होते. मठाबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

“पण दादासाहेबांना तुम्हीच म्हणालात ना, ‘ते मत माझं’ म्हणून!”

“म्हणाले. ते आले ते असेच यादी घेऊन. त्यांची माणसं काठ्या घेऊन लखूच्या दारात उभी. त्याची बायको पोटुशी… काय करणार? मतदानाची शाई म्हणून बोटाला चुलीतली काजळी फासली नि बोट त्यांच्यासमोर धरलं.”

यादी उत्तमरावांच्या मांडीवरून खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

“म्हणजे ते मत… लखूचं होतं?”

“मी त्याला कधी विचारलं नाही.”

घामानं भंडारा उत्तमरावांच्या तळव्याला चिकटला होता. वीस वर्षं ज्या मताचे पोवाडे गायले, त्याच्या धन्याला आठ दिवस आपण वाळीत टाकलंय की काय, या विचारानं त्यांना भडभडून आलं.

“आक्का… आणि या खेपेचं?”

आक्का फोलपटं सुपात भरू लागल्या.

“लखूच्या बायकोला निरोप धाडलाय, आमदार जेवायला येतोय, दोन भाकरी जास्त टाक म्हणून. ऊठ, निवतील.”