गायरानाची दुमड

"शंभर वर्षांनंतरचं शहर मला आजच हवं!" धुंडिराज महाराजांनी हट्ट धरला आणि कारभारी त्र्यंबकपंतांनी लगेच नकाशा आखला. राजधानीला लागून असलेल्या बोरगव्हाणच्या गायरानात ऐंशी हात रुंद राजरस्ता, शंभर हत्तींचा हत्तीखाना आणि कोपऱ्यात, अगदी सहज, पंतांचा वाडा! संस्थानात हत्ती होता एक, तोही म्हातारा.

"मग आमची गुरं चरायची कुठं? खळी घालायची कुठं?" गावकऱ्यांनी विचारलं.

"शंभर वर्षांनी गुरं असतील कशावरून?" पंत म्हणाले. अशा माणसापुढे काय डोकं फोडणार!

महाराजांनी मात्र एक अट घातली. "आज मापात बसेल आणि उद्या वाढ झाल्यावरही बसेल, अशी एक वस्तू आठ दिवसांत दाखवा. नाहीतर गायरान गेलंच समजा!"

एकानं आंब्याचं रोप नेलं. महाराज म्हणाले, "याच्या सावलीत आज मुंगी तरी बसेल का?"

आठव्या दिवशी गावची चंद्रभागा शिंपीण दरबारात आली. तिनं सहा वर्षांच्या राजकन्येला नवा परकर नेसवला. राजकन्या दोन पावलं चालली, धाडकन पडली आणि तिनं भोकाड पसरलं.

"अगं, केवढा हा परकर!" महाराज ओरडले.

"पंतांच्या हिशेबानं शिवलाय, महाराज. ताईसाहेब इसाव्या वर्षी केवढ्या व्हतील, ते धरून!"

"तोवर पोरीनं काय पडतच राहायचं?"

"आमचं गाव तेच इचारतंय, महाराज."

मग तिनं पिशवीतून दुसरा परकर काढला. तो घोट्यापर्यंत नेमका आला. राजकन्येनं दोन गिरक्या घेतल्या. चंद्रभागेनं खालच्या काठाजवळची एक शिवण उसवली, तर आत दुमडलेलं कापड सुटून परकर चार बोटं लांब झाला! आत आणखी चार दुमडी होत्या.

"वाढत्या अंगाचं असंच शिवत्यात. गायरान म्हंजी गावाची दुमड. आज गुरं चरतील, खळी पडतील. गाव वाढलं, तर लागंल तेवढीच उसवायची."

पंतांचा चेहरा पडला, पण जीभ काही आवरेना. "कापड उगाच अडकून पडतं! आणि उसवायचं कधी, हे जाणकारानंच ठरवावं. म्हणजे आम्ही!"

"न्हाई जी! परकर आखूड झाला, हे पैल्यांदा पोरीच्या आईला कळतं. ज्याला त्या कापडाचं सोताला धोतर करायचंय, त्याच्या हाती कातर कोन दील?"

महाराज एवढे हसले की पगडी कानावर आली! गायरान गावाकडंच राहिलं, आणि गावानं हो म्हटल्याशिवाय तिथं खुंटीही ठोकायची नाही, असं फर्मान निघालं. चंद्रभागेला जरीचा शेला मिळाला आणि राजधानीची मापं घ्यायचं कामही. तिच्या हाताखाली सुईत दोरा ओवायला नेमले त्र्यंबकपंत!