कच्चे लिंबू बाद होते

फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात मुलींची एक शाळा होती. शाळेची इमारत बेताचीच. मैदान मात्र चांगले ऐसपैस होते. शाळा सुटल्याची घंटा झाली, की मुली दप्तरे भिंतीशी टाकीत आणि खो-खोचा डाव मांडीत.

त्या मुलींत शेवंता नावाची एक मुलगी होती. ती शाळेत आली, तेव्हा नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठलेली होती. चार पावले धावली, की तिला धाप लागे. मुलींना तिची दया आली आणि त्यांनी तिला ‘कच्चे लिंबू’ केले. कच्च्या लिंबाचा नियम साधा असतो. त्याने डावात हवे तेवढे धावावे. कोणी शिवले, तरी ते बाद होत नाही आणि त्याचा गुण कोणत्याच बाजूला धरला जात नाही.

वर्षे गेली. शेवंतेचे दुखणे केव्हाच सरले, अंग भरले, उंचीने ती बरोबरीच्या मुलींएवढी झाली. लिंबू मात्र कच्चेच राहिले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. हा नियम आता मोडावा, हे कोणाला सुचलेच नाही, इतकेच.

त्या शाळेत एक प्रघात होता. वरच्या वर्गातल्या मुली शाळा सोडण्यापूर्वी एक शेवटचा डाव खेळत, आणि डावाआधी चिंचेखाली बसून प्रत्येकीने मैदानावरचा आपला एक अनुभव सांगायचा. बाईंची अट एकच असे. ऐकलेले सांगायचे नाही, स्वतःवर बेतलेले सांगायचे.

त्या वर्षीही मुली चिंचेखाली बसल्या. एक मुलगी पहिल्याच डावात सर्वांआधी बाद झाली होती आणि भिंतीआड जाऊन रडली होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी तिला ती भिंत अजून ओली असल्याचे सांगितले होते. दुसरीने घाईघाईत ‘खो’ म्हणण्याऐवजी ‘ओ’ म्हटले होते आणि हातची खेळी घालवली होती. अहिल्या ही एका संघाची म्होरकी. आपले धावणे कोण कोण पाहते आहे, हे पाहण्यासाठी एकदा तिने मागे वळून पाहिले आणि ती खांबावर जाऊन आदळली. हे सांगताना ती स्वतःच पोट धरून हसली.

शेवंता गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्रत्येकीच्या अनुभवात कोठेतरी बाद होणे होते. तिने आपली सारी वर्षे मनात चाळून पाहिली. तसे काहीच हाती लागेना. तिला फार थकल्यासारखे झाले.

तिची पाळी आली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाई, मी दमले आहे.”

मुली हसल्या. कोणीतरी म्हणाले, “अगं, तुझं बरं आहे. तुला ना हार, ना मार. तू कशानं दमलीस?”

“त्यानंच,” शेवंता म्हणाली. “तुम्ही बाद होता, कडेला जाऊन बसता, पाणी पिता. मला कोणी बाद करत नाही, म्हणून मला बसताही येत नाही. डाव सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी धावते आणि शेवटी मी कोणत्या बाजूला होते, हे कोणाला आठवतही नाही. आज मला मोजा.”

आता मात्र हसू थांबले. अहिल्येला ते लागले. शेवंतेला लागू नये, म्हणून आपण किती जपले, कितीदा हात आखडता घेतला, हे तिने एकेक करून बोलून दाखवले. त्यात खोटे काही नव्हते. शेवंतेने मान डोलावली, पण मागणे सोडले नाही.

सर्वांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “लिंबू कच्चं असेतो झाडावर राहू द्यावं. पुढंही राहू दिलं, तर ते झाडावरच सुकतं. हिला मोजा.”

अहिल्येने कुरकुरतच तिला आपल्या बाजूला घेतले आणि सर्वांत शेवटच्या तिघींत, स्वतःबरोबर ठेवले. तिचा हिशेब सरळ होता. तिथवर पाळी येईतो वेळ संपेल आणि कोणाचे मनही मोडणार नाही.

पण डाव अटीतटीचा झाला. दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले, तेव्हा शेवटच्या तिघी मैदानात होत्या. घंटा व्हायला थोडाच अवकाश होता. यांपैकी कोणीही बाद झाले नाही, तर आदल्या डावाचा विजेता संघ म्हणून शाळेची फिरती ढाल अहिल्येच्याच बाजूकडे राहणार होती. एक जरी गडी गेला, तरी ती हातची जाणार होती.

शेवंता धावत होती. नेहमी मुली तिच्या अंगावरून पुढे निघून जात. आज त्या तिच्यावरच चालून येत होत्या. तिला हूल देता येत नव्हती, कारण कधी द्यावीच लागली नव्हती. ती उजवीकडे वळली आणि समोरच्या मुलीचा पंजा तिच्या खांद्यावर सपकन बसला.

त्याच क्षणी अहिल्या म्हणाली, “ती नाही धरायची. लिंबू आहे ती.”

गलका झाला. काही मुली भांडू लागल्या. काहींना मात्र वर्षानुवर्षांची सवय होती. जाऊ द्या, लिंबूच आहे, असे म्हणून त्या माघारी वळूही लागल्या. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली.

“शेवंते, तू सांग. कच्ची की पक्की?”

शेवंतेने अहिल्येकडे पाहिले. अहिल्येचे डोळे विनवीत होते. ‘कच्ची’ एवढे म्हटले, की ढाल राहणार होती, मैत्रिणी तिला उचलून घेणार होत्या. आणि आजन्म ती लिंबूच राहणार होती. तिचे पाय भरून आले होते, घसा कोरडा पडला होता.

“मी बाद आहे,” ती म्हणाली आणि चालत मैदानाबाहेर गेली.

घंटा झाली. ढाल पलीकडच्या मुलींनी नेली.

शेवंता कडेला, बाद झालेल्या मुलींच्या ओळीत जाऊन बसली. ती तांब्याभर पाणी प्यायली. एवढ्यात अहिल्या तावातावाने आली आणि तिच्यापुढे उभी राहिली.

“डोळे होते ना तुला? ती समोर दिसत असताना उजवीकडे कशाला वळलीस? आपला डाव घालवलास तू.”

‘आमचा’ नव्हे, ‘आपला’. शेवंतेला आजवर मैदानावर कोणी रागावले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिला उठून जावेसे वाटले नाही.

अहिल्येला धाप लागली आणि ती बोलायची थांबली. मग शेवंतेने विचारले, “मग कुठं वळायला हवं होतं?”

अहिल्या अजून धुमसतच होती. ती मटकन खाली बसली, बोटाने मातीत दोन खांब काढले आणि म्हणाली, “इकडं बघ. नीट बघ.”

तात्पर्य एवढेच, की दुबळ्याला सांभाळून घेणे ही माया खरी. पण तो सावरल्यावरही त्याला न मोजणे हा अवमान आहे. ज्याला हरण्याचा अधिकार नाही, तो खेळातच नाही.