झाकल्या मडक्यांचा तराजू

एका राज्यात गणिताची पाठशाळा होती, आणि तिथं डोळे मिटून उत्तरं घोकायची रीत होती. डोळे किलकिले झाले की गुरुजींची छडी बसे. अहो, घोकून का कुणाला अक्कल येते? पण सांगणार कोण!

एके दिवशी वक्रदंत मांत्रिक आला. त्यानं अंगणात तराजू टांगला, पारड्यांत झाकलेली मडकी आणि सुटी लिंबं समतोल मांडली आणि एका मडक्यात लिंबं किती, ते विचारलं. पोरांनी डोळे मिटून पाठ केलेली उत्तरं म्हटली. एकेक पोर जागच्या जागी दगड झालं. गुरुजीही झाले. राजानं भिऊन महालाचं दार लावून घेतलं.

त्या पोरांत सारजा कुंभारणीची एकुलती एक लेक शेवंता होती. सारजाला एक पाढा येत नव्हता, तरी ती अंगणात शिरली. मांत्रिक म्हणाला, तीन कोडी सोडव, पोरं सुटतील. चुकलीस तर तूही दगड. मडक्यांना स्वतःचं वजन नव्हतं, आणि एका कोड्यातल्या सगळ्या मडक्यांत लिंबं सारखी होती.

पहिल्यांदा तीन मडक्यांसमोर पंधरा लिंबं होती. सारजानं लिंबांचे तीन सारखे ढीग केले आणि पाच म्हणाली. मग दोन मडकी नि तीन लिंबं, समोर अकरा. तिनं दोन्हीकडून तीन-तीन उचलली, उरलेली आठ वाटली. चार.

तिसरं कोडं भलतंच निघालं. एकीकडे तीन मडकी नि दोन लिंबं, दुसरीकडे एक मडकं नि चौदा लिंबं. दोन्हीकडे मडकी! भीतीनं तिनं डोळे गच्च मिटले. तिचे घोटे दगडाचे झाले, मग गुडघे.

छपरावरची साळुंकी बोलली, "बाई, भाजायला आव्यात मडकी रचताना डोळे मिटतेस का?"

सारजानं डोळे उघडले. दोन्ही पारड्यांतलं एकेक मडकं उतरवलं. तराजू हलला नाही. दोन-दोन लिंबं काढली. राहिली दोन मडकी, बारा लिंबं. दगड कंबरेपर्यंत चढला होता.

"सहा," ती म्हणाली.

मांत्रिकानं झाकण काढलं. सहाच होती. तो उभ्या उभ्या दगड झाला, सारजाचे पाय मोकळे झाले, आणि अंगणातली पोरं नि गुरुजी हलले. शेवंता मात्र डोळे मिटूनच पुटपुटत होती.

"शेवंते, डोळे उघड."

"गुरुजी मारतील."

गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी छडी मोडली आणि मान खाली घातली.

तराजू अजून तिथंच टांगलेला आहे. पहिली पाळी कुणाची, यावरून पोरं रोज भांडतात.